घरी बंदी, जगात मानाचं पान: गोंग ली एवढी मोठी कशी झाली?

चिनी सिनेमाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे. चीनमध्ये पडद्यावर काय दिसावं हे सरकार ठरवतं. एखादा चित्रपट सरकारला रुचला नाही तर तो थिएटरात लागतच नाही. मग जिचे चित्रपट एकामागून एक तिच्याच देशात अडवले गेले, ती अभिनेत्री साऱ्या जगाला माहीत कशी झाली? बर्लिन आणि व्हेनिसच्या महोत्सवांत परीक्षक मंडळाच्या अध्यक्षपदावर जाऊन कशी बसली?

ही अभिनेत्री म्हणजे गोंग ली. तिचा प्रवास नीट समजून घेतला की चीनमधला सिनेमा चालतो कसा, बंदी म्हणजे काय आणि महोत्सवांचं एवढं महत्त्व का, हे सगळं आपोआप उलगडतं. म्हणून मुळापासूनच सुरुवात करू.

'चिनी' म्हणजे नेमकी कुठली?

अभिनेत्री मिशेल योला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. तिला पुष्कळ जण चिनी समजतात, पण ती मलेशियाची. दुसरी नावाजलेली अभिनेत्री मॅगी चेउंग, ती हाँगकाँगची. चिनी भाषांमधला सिनेमा म्हणजे एकाच आडनावाची तीन घरं आहेत: मुख्य चीन, हाँगकाँग आणि तैवान. मूळ एक, पण चुली वेगळ्या आणि घरातले नियमही वेगळे. हाँगकाँग तर १९९७ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. ही तीन घरं लक्षात ठेवा, पुढे पैशाचा विषय येईल तेव्हा लागतील.

गोंग ली मुख्य चीनमधली. ३१ डिसेंबर १९६५ रोजी शेनयांगमध्ये जन्मली, शानडोंग प्रांतातल्या जिनान शहरात वाढली. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, पाच भावंडांत ही शेंडेफळ. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा माओची सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. १९६६ ते १९७६ या दहा वर्षांत शाळा-महाविद्यालयं बंद पडली, शिक्षकांना भर चौकात अपमानित केलं गेलं, शिकलेल्या माणसांना खेड्यांत मजुरीला धाडलं गेलं. प्राध्यापकाच्या घरातल्या मुलीचं बालपण त्यात गेलं. पुढे प्रवेश परीक्षांमध्ये अपयश पचवून १९८५ मध्ये तिला बीजिंगच्या सेंट्रल अकॅडमी ऑफ ड्रामामध्ये प्रवेश मिळाला. म्हणजे पाया सरकारी नाट्यशिक्षणाचा. हे विसरून चालणार नाही, कारण 'परदेशाने घडवलेली अभिनेत्री' हा तिच्याबद्दलचा पहिला गैरसमज इथेच गळून पडतो.

कापूस एकाधिकार खरेदी आठवतेय?

महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना कापूस एकाधिकार खरेदी योजना चांगली आठवत असेल. कापूस पिकवायचा तुम्ही, पण घालायचा फक्त सरकारी खरेदी केंद्रावर, आणि भावही सरकारचाच. १९९३ पर्यंत चिनी सिनेमाचा कारभार साधारण तसाच होता. चित्रपट सरकारी स्टुडिओतच बनायचा. तयार झाला की चायना फिल्म कॉर्पोरेशन ही एकच सरकारी संस्था तो ठरलेल्या दराने विकत घ्यायची आणि देशभर पोचवायची. कलावंत पगारी नोकर.

या व्यवस्थेत गुदमरायला होतं हे उघड आहे. पण तिला एक फट होती. चित्रपट गर्दी खेचेल की नाही याची धाकधूक स्टुडिओला फारशी नसायची. त्यामुळे एखादा स्टुडिओप्रमुख छातीचा निघाला तर नव्या मुलांना हात द्यायचा. शीआन शहरातल्या स्टुडिओचा प्रमुख वू थिएनमिंग हा असाच माणूस.

ही नवी मुलं कोण? सांस्कृतिक क्रांतीनंतर १९७८ मध्ये बीजिंग फिल्म अकॅडमीचे वर्ग पुन्हा भरले. त्या तुकडीतून १९८२ मध्ये बाहेर पडलेल्या दिग्दर्शकांना 'पाचवी पिढी' म्हणतात. झांग यिमौ आणि चेन कायगे ही त्यातली दोन ठळक नावं. ऐन तारुण्यातली वर्षं शेतात आणि कारखान्यात गेलेली ही माणसं. त्यांना सांगायचं खूप होतं. ते सांगण्यासाठी एक चेहरा हवा होता.

ज्वारीचं रान

तो चेहरा झांग यिमौला नाट्य अकॅडमीत सापडला. चित्रपट होता 'रेड सोरघम'. सोरघम म्हणजे आपली ज्वारी. मो यान या लेखकाच्या कथेवरचा हा चित्रपट. या लेखकाला पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं. कथा घडते शानडोंगमधल्या गाओमी भागात, म्हणजे गोंग लीच्याच प्रांतात.

इथे एक अडचण आली, आणि ती कोणत्याही शेतकऱ्याला लगेच कळेल. कथेला माणसाच्या डोक्यावरून जाणारी ज्वारी हवी होती, आणि त्या भागात तोवर ज्वारी फारशी कुणी पेरत नव्हतं. सरकारी मंजुरीचे कागद फिरेपर्यंत पेरणीचा हंगाम निघून गेला असता. वू थिएनमिंगने मंजुरीची वाट न बघता पेरणीसाठी पैसे सोडले. ते रान वेळेत पेरलं गेलं नसतं तर हा चित्रपट त्या वर्षी उभा राहिला नसता.

चित्रपटाच्या सुरुवातीला एक नवरी लाल पालखीत बसून चालली आहे. एका खेचराच्या बदल्यात बापाने तिला कुष्ठरोगी दारूवाल्याला देऊन टाकलंय. भोई गाणं म्हणत मुद्दाम पालखी हिंदकळवतात, धूळ उडते, आणि आत गोंग लीचा चेहरा. पोटात ढवळतंय, डोळ्यांत पाणी आहे. त्या वेळी ती अवघी एकवीस वर्षांची विद्यार्थिनी होती. मी हे दृश्य कितीदा पाहिलं असेल, दर वेळी वाटतं, हिला कॅमेऱ्याची भीती कशी वाटली नाही?

१९८८ मध्ये या चित्रपटाला बर्लिनचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन बेअर, मिळालं. युरोपातल्या मोठ्या महोत्सवात चिनी चित्रपटाने पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ. आणि हा चित्रपट चीनमध्येही धो धो चालला. म्हणजे सुरुवात बंदीने झालेली नाही.

महोत्सवाने एवढं काय होतं?

महोत्सव म्हणजे नुसता सत्कार समारंभ नव्हे. जत्रेत एका बाजूला कुस्तीचा फड रंगतो आणि दुसऱ्या बाजूला बैलबाजार भरतो, तसंच असतं ते. इकडे परीक्षक चित्रपट पाहतात, तिकडे देशोदेशीचे वितरक सौदे करतात. फड मारलेल्या मल्लाचं नाव पंचक्रोशीत होतं, तसं बक्षीस मिळालेल्या चित्रपटाला पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियोत थिएटर मिळतं. आपल्याकडे चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला पारितोषिक मिळालं, तेव्हा मराठी चित्रपट एकाएकी कुठल्या कुठे पोचला ते आपण पाहिलंच आहे.

पैसा कुणाचा, चित्रपट कुणाचा?

बर्लिननंतर बाहेरच्या लोकांनी थैल्या उघडल्या. इथेच ती तीन घरं आणि शेजारचं जपान उपयोगी पडतात. 'जू डोऊ' (१९९०) या चित्रपटात जपानच्या तोकुमा कंपनीचा पैसा होता. 'रेज द रेड लँटर्न' (१९९१) साठी तैवानचा पैसा हाँगकाँगमार्गे आला आणि तैवानचा मोठा दिग्दर्शक होउ श्याओ-श्येन त्याचा कार्यकारी निर्माता होता. चेन कायगेच्या 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ची (१९९३) निर्मातीही तैवानची, श्यू फेंग.

हे कसं समजायचं? जमीन तुमची, राबणारे तुमच्या घरचे, पण बियाणं-खत दुसऱ्याचं आणि माल जाणार परगावच्या बाजारात. चित्रीकरण चीनमध्ये, कलावंत चिनी, भाषा चिनी. पण हिशेब बाहेर. त्यामुळे घरच्या सरकारने माल अडवला तरी परदेशातली विक्री थांबत नव्हती. अडवलेल्या चित्रपटांची नायिका जगभर दिसत राहिली, त्याचं व्यवहारातलं कारण एवढंच आहे.

'जू डोऊ' ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळवणारा पहिला चिनी चित्रपट. चिनी अधिकाऱ्यांनी तो मागे घ्यायची विनंती केली, ऑस्करवाल्यांनी ती मानली नाही. पुढच्या वर्षी 'रेज द रेड लँटर्न' नामांकनात आला तो चीनच्या नव्हे, हाँगकाँगच्या नावावर.

बंदी म्हणजे नेमकं काय?

बंदी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पोलीस आणि बेड्या येतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बंदी म्हणजे प्रदर्शनाचा परवाना न मिळणं. परवाना मिळालेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर ड्रॅगनचं चिन्ह येतं. ते नसेल तर थिएटर नाही. आपल्या सेन्सॉर बोर्डासारखंच की, असं वाटेल. फरक असा की आपल्याकडे निर्माता कोर्टात दाद मागू शकतो आणि तिथे निकाल निर्मात्याच्या बाजूने लागलेली उदाहरणं आहेत. तिकडे ती वाट जवळजवळ नाहीच. शिवाय चित्रपट परदेशी महोत्सवात न्यायलाही परवानगी लागते.

कारण काय असायचं? 'टू लिव्ह' (१९९४) मधला एक प्रसंग पाहा. सांस्कृतिक क्रांतीचा काळ. गोंग लीने रंगवलेल्या आईची मुकी मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात आहे. अनुभवी डॉक्टरांना 'प्रतिगामी' म्हणून हटवलंय, वॉर्डात कोवळ्या विद्यार्थिनी. घरच्यांनी कसाबसा एक वृद्ध डॉक्टर कोठडीतून आणवला. तो तीन दिवसांचा उपाशी. दिलेले पाव त्याने असे बकाबका खाल्ले की त्याला उठताही येईना. मुलीला रक्तस्राव सुरू होतो, आणि डॉक्टर समोर असून तिला वाचवायला कुणीच नसतं. कुठेही घोषणा नाही, सरकारवर एक वाक्य नाही. आणि म्हणूनच ते सहन होण्यासारखं नव्हतं. फ्रान्समधल्या कान महोत्सवात या चित्रपटाला ग्रां प्री हे मोठं पारितोषिक मिळालं, नायक ग यो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, दिग्दर्शक झांग यिमौ तिथे हजर नव्हता, आणि चीनच्या थिएटरांत तो लागला नाही.

सगळं श्रेय दिग्दर्शकाचंच ना?

हा आक्षेप मी नेहमी ऐकते. झांग यिमौ आणि गोंग ली यांचं नातं पडद्यामागेही होतं, १९९५ च्या सुमारास ते संपलं, तेव्हा 'त्याने घडवलेली बाहुली' असं म्हणणारे बरेच. मला हे साफ चुकीचं वाटतं.

'रेज द रेड लँटर्न'चं पहिलंच दृश्य घ्या. पूर्ण पडदाभर एकोणीस वर्षांच्या मुलीचा चेहरा. वडील गेले, शिक्षण सुटलं, सावत्र आई लग्नाचा लकडा लावतेय. त्या आईचा फक्त आवाज येतो. मुलगी सपाट आवाजात म्हणते की श्रीमंताची धाकटी बायको होईन, बाईचं नशीब हेच ना. आवाज कापत नाही, पापणी लवत नाही, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी सरळ खाली येतं. कॅमेरा हलत नाही. दिग्दर्शकाने चौकट ठरवली हे खरं, पण त्या चौकटीत दुसरं काहीच नाही, फक्त ती आहे. पुढे अख्ख्या चित्रपटात वाड्याच्या मालकाचा चेहरा नीट दिसतच नाही. ज्या बायकोकडे तो रात्री जाणार तिच्या अंगणात लाल कंदील लागतात, एवढंच. त्याची सत्ता आपल्याला कळते ती चार बायकांच्या चेहऱ्यांवरून, त्यातही गोंग लीच्या.

आणि मग 'द स्टोरी ऑफ च्यू जू' (१९९२). शानशीच्या खेड्यातली गरोदर बाई. गावच्या प्रमुखाने तिच्या नवऱ्याला नको तिथे लाथ मारली. तिला पैसे नकोत, सूडही नको. त्याने चूक कबूल करावी एवढंच. त्यासाठी ती मिरच्यांची गाडी बाजारात नेऊन विकते आणि त्या पैशांवर गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून शहराला खेटे घालते. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गोंग लीने त्या भागाची बोली शिकून घेतली. जाडजूड कोट, डोक्याला रुमाल, पोटाला बांधलेलं ओझं, थकलेली फेंगाडी चाल. बाजारातली दृश्यं लपवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपली. आजूबाजूची माणसं खरीखुरी, आपापल्या कामात. देशातली एवढी प्रसिद्ध अभिनेत्री बाजूने जातेय हे त्यांच्या गावीही नाही. बाहुलीला हे जमत नसतं. व्हेनिसला चित्रपटाला तिथलं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन लायन, मिळालं आणि तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक. सरकारलाही हा चित्रपट पसंत पडला, आणि त्याच सुमारास 'जू डोऊ' आणि 'रेज द रेड लँटर्न' यांवरची बंदी उठली.

परदेशी लोकांना आवडावं म्हणूनच केले ना हे चित्रपट?

हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो खुद्द चीनमधल्या जाणत्या लोकांनी घेतला. दुसरी-तिसरी बायको, लाल कंदील, पायांना मसाज करायच्या छोट्या हातोड्या. असला 'जुना गूढ चीन' दाखवून पाश्चात्त्यांची हौस भागवली, असं ते म्हणाले. 'रेज द रेड लँटर्न'मधली कंदिलांची पद्धत ही खरी चिनी परंपरा नव्हे, ती चित्रपटासाठी रचलेली आहे, हेही खरं.

तरी मला हा आक्षेप अर्धाच पटतो. समोरची गोष्ट उघड बोलता येत नसेल तर लोक जुन्या काळाच्या आडून बोलतात. आपल्या लोककलांना हे काही नवीन नाही. चार भिंतींचा वाडा, न दिसणारा मालक, त्याच्या मर्जीसाठी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या बायका. हे फक्त १९२० च्या दशकाबद्दल आहे असं चिनी प्रेक्षकांना वाटलं असेल? अधिकाऱ्यांना तरी तसं वाटलं नसावं, नाहीतर अडवायचं कारण काय होतं?

मग हॉलिवूडने काय दिलं?

'आंतरराष्ट्रीय' म्हणजे हॉलिवूड असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे. गोंग लीच्या बाबतीत गाडी उलटी आहे. २००० मध्ये ती बर्लिनच्या परीक्षक मंडळाची अध्यक्ष झाली, २००२ मध्ये व्हेनिसच्या. हा मान तिने चिनी भाषेतल्या कामावर मिळवला. मोठे अमेरिकी चित्रपट त्यानंतर आले.

२००५ च्या 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा'त तिने जपानी गेशा, म्हणजे नाचगाण्याने मन रमवणारी कलावंतीण, रंगवली. तिच्यासोबत झांग झीयी आणि मिशेल यो. चिनी वंशाच्या अभिनेत्री जपानी भूमिकांत, यावरून दोन्ही देशांत वादळ उठलं. जपानी आक्रमणाच्या जखमा चीनमध्ये अजून ओल्या आहेत. चीनमधलं प्रदर्शन रद्द झालं. पण तिच्या कामाचं अमेरिकेत कौतुक झालं. 'मायामी व्हाइस'मध्ये (२००६) इंग्रजी-स्पॅनिश संवाद उच्चार घोकून म्हणावे लागले. २०२० च्या 'मुलान'मध्ये ती चेटकीण. कामं वाईट नव्हती, पण एकाही भूमिकेला च्यू जूची सर नाही. सवयीची भाषा काढून घेतली की अभिनेत्याचा अर्धा जीव जातो, आणि उरलेल्या अर्ध्यावरही तिने जे केलं त्याचं मला अप्रूप आहे.

देश कुठला, असं विचारणारे

सिंगापूरच्या उद्योजकाशी लग्न झाल्यावर २००८ मध्ये तिने सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं. चीनमध्ये इंटरनेटवर तिच्यावर टीकेची झोड उठली. दहा वर्षांनी उलटा प्रसंग आला. २०१८ मध्ये तैवानची राजधानी तैपेई इथल्या गोल्डन हॉर्स या चित्रपट पुरस्कारांची ती परीक्षक प्रमुख होती. एका माहितीपटाच्या दिग्दर्शिकेने मंचावरून तैवानला स्वतंत्र देश मानलं जावं अशी इच्छा बोलून दाखवली. चीन तर तैवानला आपलाच भाग मानतो. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक द्यायला गोंग लीचं नाव पुकारलं, पण ती खुर्चीवरून उठली नाही. दिग्दर्शक अँग लीने एकट्याने ते जाहीर केलं. ज्या तैवानच्या पैशावर तिचे सर्वांत चांगले चित्रपट उभे राहिले, त्याच तैवानच्या मंचावर ती गेली नाही. मला त्या रात्री वाईट वाटलं. पण पुढच्या वर्षी चीनने त्या पुरस्कारांवरच बहिष्कार घातला, तेव्हा त्या खुर्चीवर केवढं ओझं असेल ते कळलं.

आज दुसरी गोंग ली होऊ शकेल?

तशीच होणं अवघड आहे. पहिलं कारण बाजार. १९९० मध्ये चिनी दिग्दर्शकाला बाहेरचा पैसा लागत होता. आज घरातच समुद्र आहे. २०२५ चा 'ने झा २' हा अॅनिमेशनपट दोन अब्ज डॉलरच्या वर गेला आणि त्यातले जवळजवळ सगळे पैसे चीनमधून आले. घरी एवढं मिळत असताना परदेशात धडपड कशाला? म्हणूनच आजच्या कितीतरी बड्या चिनी अभिनेत्रींची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

दुसरं कारण पहारा. २०१८ पासून चित्रपटांचं खातं थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेलं. त्याच वर्षी फान बिंगबिंग ही चीनची सर्वांत झगमगती तारका काही महिने कुणालाच दिसली नाही; मग करचुकवेगिरीबद्दल तिला दंडासह ८८ कोटी युआनहून जास्त रक्कम भरायला सांगितल्याचं जाहीर झालं. २०२१ मध्ये झाओ वेई या अभिनेत्रीचं नाव चिनी व्हिडिओ संकेतस्थळांवरच्या तिच्याच चित्रपटांतून पुसलं गेलं. २०१९ मध्ये झांग यिमौचा चित्रपट बर्लिनच्या स्पर्धेतून ऐन वेळी 'तांत्रिक कारणाने' मागे घेतला गेला. कापूस एकाधिकार गेला, पण तपासनाका जास्त कडक झाला.

मधल्या काळात, २०१४ मध्ये, झांग यिमौ आणि गोंग ली यांनी मिळून 'कमिंग होम' केला. विषय पुन्हा सांस्कृतिक क्रांती, पण या वेळी परवाना मिळाला आणि चिनी प्रेक्षकांनी तो आपल्या थिएटरात बसून पाहिला. क्रांतीत नवऱ्याची धरपकड होते. तो कित्येक वर्षांनी सुटून घरी येतो तेव्हा बायकोची स्मृती गेलेली आहे. 'पाच तारखेला येतोय' हे त्याचं पत्र तेवढं तिला आठवतं. दर महिन्याच्या पाच तारखेला ती स्टेशनवर जाते. शेवटच्या दृश्यात बर्फ पडतोय, दोघंही म्हातारी झालीत. फाटकाबाहेर ती वाट बघत बसली आहे, आणि शेजारी तोच उभा आहे, त्याच्याच नावाची पाटी हातात धरून.